वासरू वर आलं पाहिजे

आमच्या ऑफिसात मेश्रामबाईंना पाठीमागे सगळे 'झाकणबाई' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. उघडं भांडं दिसलं की बाई उठल्याच. माठावरचं झाकण जरा तिरपं असलं की सरळ करणार, कोणाच्याही चहाच्या कपावर कागद ठेवणार, शाईची दौत तर टाक एकदा बुडवला की लगेच बंद. पुन्हा बुडवायचा तर पुन्हा उघडायची. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, माशी पडेल म्हणून एवढा जाच?" तर म्हणाल्या, "माशीचं काय वं, पडली तं काढून फेकता येते," आणि माझा डबा झाकून टाकला. मी अजून जेवत होते हो!

हे झाकण्याचं वेड त्यांना पहिल्यापासून नव्हतं. ते कधी लागलं ते मला ठाऊक आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

आमचं ऑफिस नागपुरात, शेतकऱ्यांना शहाणं करून सोडण्याचं. खत कसं द्यावं, संत्र्यावरची कीड कशी ओळखावी, अशी पत्रकं आम्ही छापायचो, आणि आमची एक गाडी गावोगाव फिरून पडद्यावर तेच सगळं हलत्या चित्रांत दाखवायची. मी तिथे टायपिस्ट. मला घाटेबाई म्हणत. माझ्या टेबलाला टेबल लावून मेश्रामबाई बसायच्या. त्या ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीनं केलेला नकाशा किंवा आकृती ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं गिरवून द्यायची, हे त्यांचं काम. निब नीट चालते की नाही हे त्या डाव्या अंगठ्याच्या नखावर रेघ ओढून बघायच्या. त्यामुळे त्या नखावर कायम काळे ठिपके. लग्नाकार्यातसुद्धा हातात हिरव्या बांगड्या आणि नखावर ठिपके.

घर नागपुरातच, इंदोऱ्याला; नवरा गिरणीत. छप्पन साली दीक्षा घेतलेलं माहेर. "मी तवा शाळेत होती," त्या सांगायच्या. "मायसंगं पांढरं लुगडं नेसून गेली. त्या दिवसापासून मी कोणासमोर वाकली नाही, घाटेबाई. साहेबासमोर बी नाही." आणि हे अगदी खरं होतं. साहेब खोलीत आले की आम्ही सगळ्या खुर्चीतून अर्ध्या उठायचो. मेश्रामबाई रेघ पूर्ण करून मगच मान वर करायच्या.

त्यांना दुसरी खोड होती ती जनावरं काढायची. हातात टाक आणि समोर कोरी जागा असली की तिथे काहीतरी उगवायचंच. टीपकागदावर बकरी, रजेच्या अर्जाच्या पाठीमागे गाढव. एकदा जमिनीच्या प्रकारांचा मोठा नकाशा छापून आला, आणि त्यात कळमेश्वरच्या डोक्यावर एक चिमुकली कोंबडी. छापून सगळीकडे गेलेलासुद्धा! साहेब लालबुंद होऊन आले.

"मेश्रामबाई, हे काय आहे?"

"कोंबडी आहे साहेब."

"ते मला दिसतंय! नकाशात कोंबडी कशी आली?"

"चालत आली असन."

पुढच्या आठवड्यात कळमेश्वरकडचा एक शेतकरी एसटीनं टोपलीत दोन कोंबड्या घेऊन हजर. म्हणे, नकाशात सरकारी कोंबडीकेंद्र दाखवलं आहे, दोन दिवस शोधून राहिलो, सापडून नाही राहिलं. आम्ही पदराचे बोळे तोंडात कोंबून हसलो. मेश्रामबाईंनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "भाऊ, केंद्र अजून बनून राह्यलं आहे." तेव्हाच्या मेश्रामबाई अशा होत्या.

त्या कोंबडीचं मूळ आमच्या गाडीतल्या पत्र्याच्या पेटीत होतं. खताचा पिच्चर पाहायला फुकट तरी कोण येतो? म्हणून आधी जनावरांचं कार्टून लावायचं, गाव गोळा करायचं आणि मग खत सुरू करायचं, अशी आमची रीत. ती कार्टूनं परदेशी होती, काळीपांढरी, फार जुनी. कुठून आली, कोणी दिली, कोणालाच पत्ता नव्हता. एकात डुकरं ढोल वाजवायची, एकात बदकांची शाळा भरायची. गाडीवरचे ऑपरेटर गुलाबराव दर शनिवारी दुपारी ऑफिसच्या मागच्या खोलीत खिडक्यांना कांबळी लावून ती रिळं तपासायचे. आम्ही कामं टाकून जायचो. साहेबही दाराशी उभे राहायचे, उगाच घड्याळ बघत.

सगळ्यात लाडकं रीळ वासराचं. एका शेतावर एक वासरू फुलपाखरामागे धावत सुटतं आणि विहिरीत पडतं. गाय हंबरते, की लगेच सगळी जनावरं धावत येतात. घोडा वाकून वासराचा कान तोंडात धरतो, घोड्याचं शेपूट गाढव धरतं, गाढवाचं डुक्कर, डुकराचं कुत्रा, कुत्र्याचं मांजर, आणि सगळे ओढायला लागतात. वासरू काही येत नाही. मग सगळ्यात मागून एक कोंबडी धावत येते, मांजराचं शेपूट चोचीत धरते, आणि तिच्या त्या एवढ्याशा जोरानं वासरू भसकन बाहेर येतं. सगळे एकमेकांच्या अंगावर कोसळतात. झालं, संपलं. पण गावोगाव काय व्हायचं, ती रांग लागली की पोरंसोरं, बायाबापड्या, म्हातारे, सगळे ओरडायला लागायचे, "ओढा! ओढा रे, ओढा!" गुलाबराव म्हणायचे, एका गावात तर एक बाई उठून पडदाच ओढायला लागली होती.

बाईंना एकच मुलगा, बाल्या. सहा वर्षांचा असेल. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी तो ऑफिसात यायचा आणि माझ्या टेबलाखाली बसून चुरमुरे खायचा. वासराचं रीळ लागलं की "ओढा!" म्हणून सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडणार. घरी कोंबडी व्हायचा म्हणे. मायचा पदर दातात धरून मागे मागे जायचा, आणि बाईंनी 'आलं वासरू!' म्हणत जमिनीवर कोसळायचं. नाही कोसळल्या तर रडायचा.

मग एका उन्हाळ्यात बाई त्याला घेऊन माहेरी गेल्या. माहेर नरखेडकडच्या एका खेड्यात, चहूकडे संत्र्यामोसंब्यांचे बगीचे, आणि तेव्हा बगीच्यांतल्या विहिरींना कठडे नसायचे. बाल्या खेळता खेळता एका विहिरीत पडला आणि गेला. आम्हाला ऑफिसात एवढंच कळलं. बाई परत आल्या त्या मुक्याच. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसण्याआधी त्यांनी माठावरचं झाकण सरळ केलं. त्या दिवसापासून ते सुरू झालं.

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, दुपारी डबा खाताना, मी काही विचारलं नसताना.

"सारे आले होते वं, घाटेबाई. सारं गाव. विहिरीच्या कडंनं उभे राह्यले. बाल्या एकडाव वर आला, हात केला त्यानं. कोणी उतरंना. आमच्या माणसाले त्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, अन् त्या दिवशी आमचे माणसं बी नव्हते, बाजाराले गेलते. मी मालकाचे पाय धरले. मी धरले! माझा आवाज बसला होता, निंघतच नव्हता गळ्यातून. म्हटलं, तुम्ही उतरू नका, नुसती हाक तं मारा. बाजूच्या बगीच्यात लक्ष्मण होता काम करत, आमच्यातलाच, मोठा पोहणारा. एक हाक पुरली असती. एकानं बी तोंड नाही उघडलं. हाक मारली तं तो येईन, अन् आला तं विहिरीत उतरन, म्हणून. लक्ष्मणले कळलं तवा तो आला, त्यानंच काढलं. दुसऱ्या दिवशी मालकानं इंजिन लावून सारी विहीर उपसली. आमचं लेकरू गेलं म्हणून नाही. पाणी बाटलं म्हणून."

त्या रडल्या नाहीत. पोळीचा तुकडा हातात तसाच होता. मग म्हणाल्या, "तो वर आला ना, तवा भेला नव्हता. त्यानं साऱ्यायले पाहिलं अन् हसला. त्याले वाटलं असन, आता ओढतीन. पिच्चरमधे येतात ना सारे, ओढतात ना. मीच दाखवला त्याले तो पिच्चर."

मी त्यांचा डबा झाकला.

लोकांना वाटलं, आता बाई त्या रिळाकडे फिरकणार नाहीत. उलटंच झालं. दर शनिवारी बाई मागच्या खोलीत पहिल्या येऊन बसायच्या. गुलाबरावांनी दुसरं काही लावलं तर म्हणायच्या, "भाऊ, वासराचं लावा." वासरू बाहेर आलं की उठून कामाला जायच्या. वर्षानुवर्षं हेच. नव्या आलेल्या पोरी खुसखुसायच्या, साहेब बदलून गेले, दुसरे आले, तेही कपाळाला आठ्या घालून बघायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, कशाला स्वतःला असं जाळता?" तर फटकन म्हणाल्या, "ते एक तं वर येते ना? आठवड्यातून एकडाव कोणतं तरी लेकरू वर येते. मले तेवढं पाहू द्या." मी पुन्हा विचारलं नाही.

आणि मग ते रीळ भिजलं.

त्यात गुलाबरावांची एकच चूक होती, ती या धंद्यातला कोणीही करील अशी. पिच्चर दाखवून झाला की रिळाचा शेवट बाहेर येतो आणि सुरुवात आत जाते. ते पुन्हा उलटं गुंडाळून ठेवावं लागतं. गुलाबराव दमलेले असले की ते सकाळवर टाकायचे. त्या दिवशीही टाकलं. गाडी काटोलला उभी होती, वादळ झालं, टपातून पाणी गळलं ते नेमकं पेटीत. आतलं सगळं ठीक राहिलं, बाहेरचे फेर एकमेकांना चिकटून गेले. म्हणजे वासरू विहिरीत पडतं तिथपर्यंत रीळ शाबूत, आणि जनावरं धावत येतात तिथून पुढे सगळा चिखल. गुलाबराव माझ्या टेबलापाशी येऊन डोक्याला हात लावून बसले. "गुंडाळून ठेवलं असतं तं सुरवातीचे नावं भिजले असते, घाटेबाई. नावं कोण वाचते? आता त्या माउलीले काय तोंड दाखवू मी?"

त्या शनिवारी बाईंनी रीळ बघितलं. वासरू पडलं, गाय हंबरली, आणि पडदा पांढरा झाला. बाई तशाच बसून राहिल्या. कोणी कांबळी काढली, खोलीत ऊन आलं, तरी बसून होत्या.

गुलाबरावांना राहवलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी एक युक्ती केली. आमचं मशीन उलटंही चालायचं. वासरू विहिरीत पडलं की त्यांनी खटका दाबला, आणि रीळ मागे फिरलं. वासरू पायांकडून विहिरीतून वर उडालं, काठावर उभं राहिलं आणि फुलपाखरापासून मागे मागे पळत गेलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर हायसं वाटलं. म्हटलं, सुटला बाई प्रश्न.

मेश्रामबाई उभ्या राहिल्या. "बंद करा ते! हे काय वर येणं झालं काय? हे तं पडलंच नाही असं झालं. पडलेलं आहे ते. पडलेलं वर आलं पाह्यजे. अन् कोणीतरी ओढलं पाह्यजे त्याले."

गुलाबरावांनी मुकाट्यानं मशीन बंद केलं. त्यानंतर तसं कधीच केलं नाही.

सोमवारी बाईंनी साहेबांकडून तो भिजका तुकडा मागून घेतला. तो तसाही फेकायचाच होता. घरी सोड्याच्या गरम पाण्यात टाकून त्यांनी त्यावरचा सगळा काळा थर धुऊन काढला, तेव्हा खाली स्वच्छ काचेसारखी पट्टी निघाली, कडेची भोकं शाबूत. आणि त्या पट्टीवर, नखाएवढ्या एकेका चौकोनात, सगळ्यात बारीक निबानं आणि भिंगाखाली, त्यांनी ती सगळी जनावरं पुन्हा काढायला घेतली. पडद्यावर गाय एक पाऊल टाकते म्हणजे हे असे कितीतरी चौकोन, प्रत्येकात गाय केसभर पुढे. मी पहिल्यांदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, आंधळ्या व्हाल!"

"होऊ द्या. पाहाचं काय राह्यलं आता?"

पहिला हातभर तुकडा जोडून लावला, तर मशीनच्या गरमीनं शाई फुटली आणि गाय पडद्यावरून पापुद्र्यांनी गळून गेली. बाईंनी शाईत बाभळीचा डिंक कालवून पाहिला. तो चिकट झाला आणि रीळ अडकलं. मग कमी डिंक. मग त्यात साखरेचं पाणी. प्रत्येक वेळी सगळं धुवायचं आणि पहिल्यापासून काढायचं. जेवणाच्या सुटीत, रविवारी, सणावाराला. मला वाटायचं, एखाद्या दिवशी ही बाई ते सगळं चुलीत घालेल. पण त्या नखावर रेघ ओढून बघायच्या आणि पुन्हा सुरू. चष्म्याचा नंबर वाढत गेला. ऑफिसच्या नकाशांत चुका व्हायला लागल्या, साहेबांची बोलणी बसायला लागली, आणि ज्या बाई रेघ पूर्ण केल्याशिवाय मान वर करत नसत, त्या आता साहेबांसमोर मान खाली घालून उभ्या राहायच्या. मला ते बघवायचं नाही.

त्यांचे यजमान एकदा माझ्या घरी आले. भला माणूस, फार कमी बोलणारा. पायरीवरच बसले. "बाई, तुमचं आयकते ते. तिले सांगा, आता पुरे झालं. पोट्टं तं दोघायचं बी होतं ना. मी गिरणीत जातो, घरी येतो, हिची पाठ पाह्यतो. मले बी कोणी तरी पाह्यजे ना बोलाले." मी सांगितलं बाईंना. त्यांनी हातातला टाक पुसून ठेवला. मग म्हणाल्या, "त्याहीले म्हणा, वासरू वर येऊ द्या. मंग मी घरी येते."

हळूहळू जनावरं उभी राहिली. डिंक जमला, शाई टिकली. शनिवारी आम्ही बघायचो, जुन्या रिळातली परदेशी गाय हंबरायची, मग जोड खटकन सरकायचा आणि पुढच्या क्षणी तिला वशिंड फुटायचं! बाईंची गाय आपली इकडची होती. घोड्याच्या जागी बैल, पोळ्याला रंगवतात तशी शिंगं. डुकराच्या जागी बकरी. सगळं थरथरत होतं, अंगात हिव भरल्यासारखं, पण धावत होतं. जुन्या रिळाला संगीत होतं, आणि बाईंच्या पट्टीला आवाज कुठून येणार? जोड आला की एकदम चिडीचूप. फक्त मशीनची घरघर, आणि ती थरथरणारी जनावरं एकेक करून येऊन एकमेकांची शेपटं धरत होती. कोंबडीही आली. नकाशातलीच.

पण वासरू येईना. तिथे बाईंचा हात अडला. पट्टीचा शेवटचा तुकडा महिनोन्‌महिने कोरा. "काढता येत नाही मले," त्या म्हणायच्या. "तोंड काढाले जाते तं..." आणि दौत बंद करायच्या.

त्यातच वरून हुकूम आला की गाडी बंद. घरोघर टीव्ही येत होते, गाडीचं कोणाला काय पडलं होतं? थंडीतला एक शेवटचा दौरा, मग गाडी मोडीत आणि पेटीतली रिळंही. दौऱ्याच्या गावांत गुलाबरावांनी एक गाव आपल्या जबाबदारीवर घातलं. बाईंचं माहेर. इतक्या वर्षांत आमची गाडी त्या गावी कधी गेली नव्हती. त्यांनी बाईंना फक्त एवढंच विचारलं, "मेश्रामबाई, तोवर होईन काय?"

बाई म्हणाल्या, "त्या गावात होईनच."

एकट्या बाईमाणसानं दौऱ्यावर जाणं बरं दिसणार नाही, म्हणून साहेबांनी मला सोबत धाडलं. निघताना बाईंच्या मांडीवर रिळाचा डबा होता. शेवटचा तुकडा त्यांनी आदल्या दिवशी स्वतः जोडला होता, कोणाला न दाखवता. वासरू त्यात आहे की नाही, हे मलाही माहीत नव्हतं, गुलाबरावांनाही नाही. गाडी काटोल सोडून पुढे लागली तशी मी न राहवून विचारलं. "काढलं काय हो बाई?" त्या खिडकीतून बगीच्यांकडे बघत होत्या. संत्री पिकून झाडं लाल झाली होती.

बाईंचे आईवडील केव्हाच गेले होते, भाऊ नागपुरात होता, त्यामुळे गावात त्यांना ओळखणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. शाळेच्या भिंतीवर गुलाबरावांनी पडदा बांधला. शाळेच्या कुंपणापलीकडेच तो बगीचा आणि ती विहीर. आता तिला छातीएवढा कठडा होता आणि विजेची मोटर बसवलेली. बाईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि मग पाहिलंच नाही. दिवेलागणीला गाव जमलं. पुढे पोरं, मागे बाया, आणि मधोमध खुर्चीवर बगीच्याचे म्हातारे मालक, पांढऱ्या मिशा, हातात काठी. बाईंनी मला कोपरानं ढोसलं. "तेच," एवढंच म्हणाल्या.

रीळ सुरू झालं. वासरू धावलं, पोरं खिदळली. वासरू पडलं, गाय हंबरली. मग जोड आला, खटकन आवाज झाला आणि संगीत बंद पडलं.

गाव गप्प झालं. वशिंडाची गाय थरथरत उभी राहिली, रंगीत शिंगांचा बैल धावत आला, वाकला. बकरी आली, कुत्रा आला. एकमेकांची शेपटं धरली. कोणी काही बोलेना. मी बाईंचा हात धरला. मला वाटलं, देवा, आता इथेसुद्धा कोणी तोंड उघडणार नाही. पडद्यावर ती जनावरं ओढत होती आणि सगळं गाव नुसतं बघत होतं.

तेवढ्यात मधल्या खुर्चीवरून एक खणखणीत आवाज आला. "ओढा लेकहो! पाहून काय राह्यले? ओढा!"

आणि मग काय विचारता! अख्खं गाव उठलं. "ओढा! ओढा रे, ओढा!" बाया, पोरं, गडी, सगळे. संगीत नव्हतं म्हणून तो आवाज नुसता घुमत होता, बगीच्यांपलीकडे गेला असेल. कोंबडी धावत आली, मांजराचं शेपूट तिनं धरलं, आणि विहिरीच्या काठावर आधी दोन कान दिसले, मग एक तोंड. रेषा वेड्यावाकड्या होत्या, इतकं वाकडं बाईंनी आयुष्यात काही काढलं नसेल. वासरू वर आलं. काठावर उभं राहिलं. हसलं. आणि पडदा पांढरा झाला.

लोकांनी टोप्या उडवल्या. गुलाबराव मशीनमागे तोंड फिरवून डोळे पुसत होते. मी तर रडतच होते. रडल्या नाहीत त्या फक्त मेश्रामबाई. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या वळून, ओरडणाऱ्या एकेका तोंडाकडे बघत होत्या.

मुक्काम शाळेतच केला. सकाळी ऊन वर आलं तेव्हा बाई पायरीवर बसून रीळ उलटं गुंडाळत होत्या, हातानं, सावकाश. "आता शेवट आत राह्यते," मला म्हणाल्या. "भिजत नाही आता."

फाटकातून म्हातारे मालक आले. मागे गडी, गड्याच्या डोक्यावर संत्र्यांची टोपली. मालकांनी ती टोपली स्वतः हातात घेतली आणि बाईंसमोर धरली.

"हा ऑपरेटर म्हणते, तो वासराचा पिच्चर तुम्हीच बनवला. बम मजा आली बाप्पा! गळा बसला पाहा माहा, ओरडू ओरडू."

बाईंचा हात थांबला. "पह्यले तुम्हीच ओरडले."

"मंग! साऱ्या गावाले इचारा. मुकं जनावर विहिरीत पडलं, अन् हे लेकाचे नुसते पाहून राह्यले!"

"म्हणजे आवाज होता तुम्हाले," बाई म्हणाल्या.

मालक खो खो हसले. "होता म्हणजे? अजून आहे! इथून हाक मारली तं बाजूच्या बगीच्यातला गडी धावत येते."

"हव," बाई म्हणाल्या. "तेवढीच पाह्यजे होती."

मालकांना काही कळलं नाही. ते हसतच होते. "तुम्ही कुठच्या म्हणा, बाई?"

"इथलीच."

"इथली? कोणाची?"

"बाल्याची माय."

त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी आधी विहिरीकडे पाहिलं. तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द निघेना. टोपली हातात तशीच राहिली.

बाईंनी रीळ डब्यात ठेवलं, झाकण लावलं, दोन्ही हातांनी दाबून घट्ट बसवलं, आणि उठून गुलाबरावांना म्हणाल्या, "चला भाऊ. घरी वाट पाहून राह्यले."